चौदा जणी

"कामाला किती जणी आहेत तुमच्याकडे?" दिनानाथ सामंतांनी फोनवर विचारलं आणि पूर्वीने पट्कन सांगून टाकलं, "चौदा."

होत्या तिघी. ती, तिची चंद्रकांता काकू आणि शेजारची जागृती. पण पूर्वीने तीन वर्षं फोनवरून विमा विकला होता. उत्तर द्यायला अडखळलं की गिऱ्हाईक गेलंच, हे तिच्या अंगात मुरलेलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. सामंत मुंबईतल्या सुक्या मेव्याच्या बारा दुकानांसाठी माल घेत. त्यांना वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, भरपूर हवी होती.

"छान," ते म्हणाले. "गुरुवारी बघायला येतो."

फोन ठेवून पूर्वी काकूकडे वळली. चांगली नोकरी सोडून तिने काकूच्या उमेळ्यातल्या वाडीत पत्र्याची शेड टाकली होती आणि सगळ्या नातेवाइकांना 'स्टार्टअप' म्हणून ऐकवलं होतं. सहा महिन्यांत मोठी ऑर्डर एकही नाही. सामंत हातचे गेले तर शेड मोडायची आणि काकूची वाडीही जायची. बिल्डरचा माणूस कुंपणापाशी घिरट्या घालतच होता.

"चौदा?" काकूने हातातलं केळं खाली ठेवलं. "अगं, उरलेल्या अकरा काय केळीला लागल्यात?"

"एका सकाळपुरत्या आणते."

दोन दिवस ती वणवण फिरली. उमेळ्यातल्या ओळखीच्या बायका झाल्या, फुलपाड्यातल्या जागृतीच्या दोन जावा झाल्या, आणि पाचूबंदरला मासेमारीची बोट विकल्यापासून घरी बसलेली मार्था मावशी. विमा विकणं सोपं होतं. तिथे फक्त आवाज असायचा. इथे बायका डोळ्यांत बघायच्या आणि जी ती तेच विचारायची, "आणि नंतर?"

"बघू," पूर्वी म्हणायची आणि नजर चुकवायची.

गुरुवार उजाडला. शेडमध्ये चौदा जणी अ‍ॅप्रन घालून ओळीने बसल्या. सोललेल्या केळ्यावरचे दोरे कसे काढायचे ते काकू दबक्या आवाजात शिकवत होती, तेवढ्यात सामंत आत शिरले. हात मागे बांधून ते एकेकीजवळ थांबत पुढे आले आणि नेमके मार्था मावशीसमोर उभे राहिले. मावशीने केळं बोंबलासारखं धरलं होतं.

"किती दिवस आहात इथे?"

पूर्वीचं धाबं दणाणलं. 'आज' एवढं म्हटलं की संपलं सगळं! तिने आपले देव आठवले, मावशीचेही आठवले.

मावशीने मान वर केली नाही. "पयल्या दिवसापासून हाय मी."

सामंतांनी मान डोलावली. जाताना तीन महिन्यांची ऑर्डर देऊन गेले. पुढचं माल बघून ठरवू, म्हणाले. बायका आपापल्या घरी गेल्या आणि पूर्वी तिथेच जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडवर आली तर दाराशी चपलांचा ढीग. आत सगळ्या जणी अ‍ॅप्रन बांधून कामाला बसलेल्या. काल जिला दोरे निघत नव्हते ती आज शेजारणीला दाखवत होती.

"मावशी," पूर्वी कशीबशी म्हणाली, "मी कालपुरतंच म्हटलं होतं ना?"

मार्था मावशी उठून तिच्यापाशी आली. "तुझ्यासाठी खोटं बोलले मी. फादरकडे कबूल करायला लागंल. त्याच्या आधी तू ते खरं कर."

ऑर्डर होती तीन महिन्यांची. चौथ्या महिन्यात या बायकांना काय सांगायचं? काल तिला फक्त पकडलं जायची भीती होती. ती भीती किती लहान होती!

ती मागच्या दाराशी गेली आणि ठाण्यातल्या एका दुकानदाराला फोन लावला. सुकेळीची चव, टिकाऊपणा, डबे, सगळं ती न अडखळता बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसं किती आहेत तुमच्याकडे?"

तिने वळून आत पाहिलं.

"चौदा," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं, आणि तिचा आवाज कापत होता.