अधिकाऱ्यांनी समजूत काढली, म्हणे!

मी एक जुनं ट्रेडल आहे. पायाने दाबून चालवायचं छपाईचं यंत्र. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, कारण सध्या माझ्यावर आदिनाथच्या दुकानातले पाण्याचे जार ठेवलेले असतात.

माझा जन्म दूर पंजाबातला. रेल्वेने परळीला उतरलो आणि बैलगाडीतून बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आलो. इथे रामकिसन अण्णांचं साप्ताहिक होतं. संपादक तेच, शिशाचे अक्षरखिळे जुळवणारे तेच आणि माझ्यावर पाय मारणारेही तेच. ताजा अंक निघाला की पारावर लोक वाट बघत बसायचे. एवढ्याशा यंत्रातून सगळ्या तालुक्याची बातमी निघते, असं माझं लई कौतुक व्हायचं.

अण्णांनी एक ओळ कायमची जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवली होती. ती दर आठवड्याला लागायचीच. 'समजूत काढल्याने प्रकरण मिटले.' वडीलधाऱ्यांनी समजूत काढली, सून सासरी परतली. पुढाऱ्यांनी समजूत काढली, रुसलेले कार्यकर्ते शांत झाले. अधिकाऱ्यांनी समजूत काढली, उपोषण मागे घेतलं. नावं तेवढी बदलायची. ती ओळ आली की बातमी संपायची. सुनेचं पुढे काय झालं, ते माझ्या पानावर कधी आलंच नाही.

तुमच्या घरी समजूत कशी काढतात? रुसलेल्या पोराला जवळ घेतात, हातावर गुळाचा खडा ठेवतात, त्याचं म्हणणं ऐकतात. मग ते पोर हसतं. माझ्या पानांवरच्या समजुतीत गूळ कुठे होता, हे मला आजवर कळलं नाही.

पुढे संगणक आले, अण्णा गेले आणि मी कोपऱ्यात पडलो. त्यांचा नातू आदिनाथ त्याच जागी पाण्याच्या जारचं दुकान चालवतो आणि मोबाईलवर बातम्या देतो. पोरगा वाईट नाही. आजोबांचे जुने अंक वाचूनच तो लिहायला शिकला, एवढंच.

दुकानासमोर तालुक्याची कचेरी आहे. तिच्या दारात परवापासून रतनबाई उपोषणाला बसली होती. ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. मोहिनी त्यांची मुलगी, सातवीत शिकते. आईबाप कारखान्याकडे गेले की दरवर्षी ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायची. यंदा वसतिगृह उघडलंच नाही. घरी सांभाळणारं कुणी नाही. म्हणजे आता दप्तर सोडायचं आणि उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळायचं.

आज सकाळी साहेब बाहेर आले.

"बाई, वर कळवलंय. होईल. तुम्ही तब्येतीला जपा."

"कवा उघडणार तेवढं सांगा सायब. लगीच उठते," रतनबाई म्हणाली.

"बघू," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

रतनबाईला घेरी आली. तशी मोहिनी लिंबूपाण्याचा पेला घेऊन तिच्यापाशी बसली. पोरगी रडत होती.

"आई, पी. मी येते तुमच्यासंगं. मला न्हाई शिकायचं."

ती खोटं बोलत होती. आईलाही ते कळत होतं. तरी आईने पेला तोंडाला लावला, कारण पोरगी रडायची थांबेना. तेवढ्यात आदिनाथने फोटो काढला आणि माझ्याशेजारी उभा राहून बातमी लिहिली. 'अधिकाऱ्यांनी समजूत काढल्याने उपोषण मागे.'

मला काय वाटलं असेल, सांगा! मी लोखंडाचा. ओरडायची सोय नाही. चाक गंजलंय, नाहीतर गरकन फिरून त्याचा हात तरी अडवला असता.

थोड्या वेळाने रतनबाई भिंतीला धरत दुकानात आली. तिला कुणीतरी बातमी वाचून दाखवली होती.

"भाऊ, सायबानं न्हाई काढली समजूत. माझ्या लेकरानं काढली. तसं लिव की."

"मावशी, बातमी गेली आता. असंच लिहायची पद्धत हाय."

"आन् वसतिगृहाचं काय झालं, ते कोन लिवनार?"

आदिनाथ माझ्यावरचे जार सरळ करू लागला. रतनबाई भिंतीला धरतच निघून गेली.

मित्रांनो, मला भंगारात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण 'समजूत काढली' असं कुठेही वाचलंत तर तिथे थांबू नका. कुणी कुणाची काढली, काय कबूल केलं, आणि ते झालं का, एवढं विचारा. मला विचारता येत नाही हो. माझ्यावर पाय पडला तरच मी बोलणार, आणि आता पाय ठेवणारं कुणी नाही.

समोरच्या फाट्यावर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा आहे. भांडी चढली, अंथरुणं चढली, शेळीसुद्धा चढली. मोहिनी अजून खाली उभी आहे. आदिनाथ, बाबा, पळत जा त्या कचेरीत. वसतिगृह कधी उघडणार, एवढंच विचार. तारीख मिळाली तर आई तिला घेऊन तेवढे दिवस मागे थांबेल.

अरे, जा ना. तिला वर ओढून घेताहेत.