पोटातला दिवा

गर्भाशयाची पिशवी काढल्यावर महिनाभरानं माझ्या पोटात दिवा लागला. ऑपरेशनच्या टेबलावर असतो तसा, पांढरा. साडीतूनही दिसायचा. आमच्या ह्यांनी त्या उजेडात पेपर वाचून काढला आणि म्हणाले, "शालन, मॅडमना दाखवून येऊ. उगाच अंगावर काढू नकोस."

ऑपरेशन नाडगौडा मॅडमनीच केलं होतं. त्यांनी सोनोग्राफी सांगितली. पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन, लघवी दाबून बाकावर बसले. आत गेल्यावर सोनोग्राफीच्या बाईंनी खोलीतला दिवा बंद केला. पोटात खट्‌ झालं आणि माझाही दिवा गेला.

"आत काही नाहीये," त्या म्हणाल्या.

"दिवा लावून बघा ना."

"मग स्क्रीनवर काय दिसणार, ताई?"

बाहेर आले तर पोट पुन्हा लख्ख. ह्यांना साक्षीला आत न्यावं, तर दारावर पाटी : पुरुषांनी बाहेर थांबावे. असा संताप आला, की ती पाटीच उपटून काढावी.

मग आवाज सुरू झाला. दुपारी आडवी झाले, की पोटात एक सिस्टर रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजायची. मोजून झालं की म्हणायची, "एक कमी येतंय. पोट शिवायचं नाही."

"अगं बाई, कधीच शिवलंय!" मी ओरडायची. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला घ्यायची.

मॅडमना सांगितलं, तर त्यांचा आवाज चढला. "मोजणी जुळल्याशिवाय मी कुणाचं पोट शिवत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे. या वयात मन हळवं होतं."

"मन बेंबीखाली असतं का, मॅडम?"

त्यांनी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या.

दिवा तापायला लागला. टाक्यांवर पदर टेकला तरी भाजायचं. पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा अंधार, पुन्हा काही नाही. शेवटी टाक्यांच्या जागी कातडी करपली, ताप हटेना, तेव्हा मॅडम पोट उघडायला तयार झाल्या.

कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे मी जागी होते. छातीसमोर हिरवा पडदा, पडद्याच्या वर मॅडमचा चेहरा. थिएटरमधला दिवा काही कुणी बंद करत नाही. माझाही चालूच राहिला. पोट उघडलं, तसा मॅडमचा चष्मा खालून उजळला.

"अहो, खरंच की," त्या म्हणाल्या.

मला रडूच फुटलं. "किती दिवस सांगतेय मी तुम्हाला!"

"आलात का, मॅडम?" आतून सिस्टर म्हणाली. "गॉज केव्हाच जुळले. माणसांत एक कमी येत होतं."

"मी स्वतःला मोजणीत धरलंच नव्हतं," मॅडम पुटपुटल्या. आतून हातमोजा घातलेला हात वर आला. मॅडमनी तो धरला आणि वाकल्या, आधी खांद्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. पडद्यापलीकडे त्यांची रबरी चप्पल फरशीवर पडली.

"जुळलं," आतली सिस्टर म्हणाली. "शिवा."

आतून दोरा ओढला गेला. टेबलाजवळच्या सिस्टरनं चप्पल उचलली, खोलीभर नजर फिरवली.

"एक कमी येतंय," ती म्हणाली. "पोट शिवायचं नाही."

तिनं चप्पल माझ्या उशाशी ठेवली आणि जखमेच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. आतून दोरा ताणलेलाच होता. मग आतली आणि बाहेरची, दोघी सिस्टर एकदम मोजायला लागल्या.