नऊ किंवा चार

रामकिसन सरांच्या जादा तासाला छडी क्वचितच उठे. मुलेच मुलांना मारीत. ज्याचे उत्तर बरोबर, त्याने चुकलेल्याच्या थोबाडीत द्यायची, असा त्यांचा नियम होता. हात हळू पडला, तर कसा मारायचा ते सर स्वतः मारून दाखवीत. कुंभवलीतल्या त्या खोलीत दहावीची बाराच मुले बसत, त्यामुळे कोणी सुटत नसे.

त्या दिवशी फळ्यावर x − √x − 6 = 0 हे समीकरण होते. √x ला m मानले की साधे वर्गसमीकरण उरे. m च्या किमती तीन आणि उणे दोन. भाग्यश्रीने दोन्हींचा वर्ग केला, ताळा करून पाहिला आणि एकच उत्तर लिहिले: नऊ.

"नवसे, तुझं काय आलं?" सरांनी विचारले.

"नऊ, सर." नवसी मासवणकडची; मावशीकडे राहून शिकत होती आणि भाग्यश्रीच्याच बाकावर बसे.

"आणि चार कुठं गेलं?"

"चार नाय बसत, सर. एकच हाय."

"पुस्तकात दोन छापलीत, आणि बाईसाहेबांचं एकच हाय!" वर्ग हसला. "दोन कुणाकुणाची आली? या पुढं."

भाग्यश्रीने मान खाली घातली आणि नऊच्या पुढे घाईघाईने 'किंवा चार' लिहिले.

अकरा जण रांगेत उभे राहिले. पहिली थप्पड हर्षितची. तिसरीला नवसीचा ओठ फाटला, सातवीला नाकातून रक्त आले. भाग्यश्री शेवटची होती.

"जोरात," सर म्हणाले.

तिने जोरात मारली. नवसीचे डोके भिंतीवर आपटले. अकराही जण आपापल्या बाकाशी परतले.

"आता सांग, येतं का चार?"

नवसी फळ्याशी गेली. नाक पुसलेल्या ओल्या बोटांत खडू धरून तिने x च्या जागी चार मांडले. चारातून दोन गेले, त्यातून सहा गेले. उरले उणे चार.

"शून्य नाय येत, सर. √x उणे नसतंच."

सरांनी पुस्तक पाहिले, फळा पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिले. "छापणाऱ्यानं घोळ घातलाय," ते अखेर म्हणाले. "पण नियम तो नियम. मार सगळ्यांना."

"सरांचंपण चारच होतं," हर्षित पुटपुटला. छडी त्याच्या पाठीवर अशी बसली, की तो बाकावरच कोसळला.

नवसी एकेकापुढे गेली. तिचा हात गालांना नुसता टेकत होता. सर "जोरात!" म्हणून ओरडत होते, पण या वेळी जागचे हलले नाहीत.

ती भाग्यश्रीपुढे आली. वही उघडीच होती.

"नवसे," भाग्यश्री हळूच म्हणाली, "माझंपण नऊच आलं होतं."

"मग?"

"तू उभी राहिलीस, तेव्हा चार लिहिलं. घाबरले गं."

नवसीने वहीतला ताळा पाहिला. ओठावरचे रक्त पुसले. आणि अकरा गालांपैकी त्या एकाच गालावर तिचा हात पुरता पडला. भाग्यश्रीच्या कानात शिट्टी घुमू लागली. बाकाची कड धरून ती कशीबशी उभी राहिली.

"शाब्बास!" सर म्हणाले.