इंजिन बांधायचं की मोडायचं

अण्णांची टॅक्सी वळणापलीकडे असतानाच स्टँडवरच्या लोकांना कळायचं. कुणीतरी मान वर न करता म्हणायचं, "चला, लोहार आले." मग टक-टक-टक करत गाडी यायची. अण्णा ऐटीत उतरायचे, बॉनेटवरून फडकं फिरवायचे आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहायचे.

स्टेशन ते टेकडीवरचं हॉस्पिटल, हा त्यांचा रस्ता. त्याच गाडीतून त्यांनी बाळंतिणी नेल्या, म्हातारे नेले आणि बरे झालेले परत आणले. किलोमीटरचा काटा शून्यावर येऊन पुन्हा पुढे निघाला होता. घरी मुलांची आई त्या गाडीला सरळ सवत म्हणायची. "माझं दुखलं-खुपलं उद्या बघतात, हिचं आत्ताच्या आत्ता."

आवाज वाढला तेव्हा लोकांनी थट्टा सोडून काळजीनं सांगायला सुरुवात केली. एकदा एक बाई अर्ध्या चढावर उतरल्या आणि म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण मला आज पोचायचंय." दुसऱ्या दिवशी अण्णा गाडी घेऊन उस्तादांकडे गेले. उस्ताद म्हणजे गावातले जुने मेकॅनिक. अण्णांची थोरली मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली होती आणि आता तिचं स्वतःचं गॅरेज होतं.

उस्तादांनी गाडी सुरू करून ऐकली आणि लगेच बंद केली. "अण्णा, हिनं तुमचं आयुष्यभर केलं. आता मोकळी करा तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे भंगारात द्या."

अण्णांनी मान डोलावली, गाडीत बसले आणि घराऐवजी थोरलीच्या गॅरेजकडे निघाले.

थोरली एका व्हॅनखाली आडवी होती. आवाज तिच्या कानावर आला आणि हातातला पाना तसाच थांबला. शाळेत असताना ती याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची. हे इंजिन कसं बोलतं ते तिला पाठ होतं, आणि हे त्याचं बोलणं नव्हतं.

"ऑइल बदलायचंय," अण्णा म्हणाले.

"फक्त ऑइल?"

"हं. जरा टिकटिक करतेय, बारीकशी."

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. चालू इंजिनाशेजारी उभं राहून ती जवळजवळ ओरडून बोलत होती, आणि हे टिकटिक म्हणत होते. ती फडकं आणायच्या निमित्तानं त्यांच्या मागे गेली आणि पाठीमागून तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, चहा घेणार?" चहाला कधी नाही न म्हणणारा माणूस बॉनेटकडेच बघत राहिला.

तिनं इंजिन बंद केलं.

"आधी उस्तादांकडे गेला होतात ना? त्यांचा फोन आला होता."

अण्णा बाकावर बसले. म्हणाले, "त्यांनी नाही म्हटलं तर त्यांच्याशी भांडता येतं. तू नाही म्हणाली असतीस तर मला ऐकावंच लागलं असतं."

थोरलीनं नुसता चहा मागवला.

मग ती कामाला लागली. इंजिन पुन्हा सुरू करून तिनं प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली तशी ठोक्याची धार गेली. परत लावली, ठोके परत आले. गरम ऑइल तिनं पांढऱ्या थाळीत काढलं आणि थाळी उन्हात धरली. ऑइलमध्ये बारीक चमक होती, जरीचा धागा कुटून टाकावा तशी.

"हे तुमचं बेअरिंग," ती म्हणाली. "झिजून यात आलंय."

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले तेव्हा विषय निघालाच. धाकटा मुलगा नोकरीला होता, शांत डोक्याचा होता. तो म्हणाला, "दुसरी गाडी घेऊ ना. मी बघतो त्याचं. ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, पण इंजिन तू नवं करशील आणि खालचा सांगाडाच गंजलेला असेल तर? कुजक्या पेटीला नवं कुलूप लावल्यासारखं होईल."

थोरलीचा घास हातात राहिला. इंजिन खोलायचं या विचारानं ती दुपारपासून हवेत होती, आणि हा प्रश्न तिला स्वतःला पडायला हवा होता.

"बरोबर बोललास," ती म्हणाली. "ते आधी बघते."

"आणि कुजलेला निघाला तर?" आईनं विचारलं.

"तर मीच नाही म्हणेन."

अण्णांनी ताटातली बोटं थांबवली. एवढं मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी उचलून घेतली. खाली शिरून सांगाड्याच्या प्रत्येक जोडावर हातोडी मारत गेली. धाकटा ऑफिसला जाता जाता थांबला आणि त्यानं टॉर्च धरला. मागच्या चाकांच्या कमानी पार गेलेल्या होत्या, एका दाराचा तळ बोटानं निघाला. पण मुख्य सांगाडा खणखणीत वाजत होता. गिअरबॉक्स साफ होता, स्टिअरिंगमध्ये ढिलाई नव्हती. दर आठवड्याला पाइपनं खालचा चिखल धुणारे अण्णा तिनं लहानपणापासून पाहिले होते. आई त्यावरून चिडायची, पण त्या धुण्यानंच गाडी वाचली होती.

थोरली बाहेर आली, हात पुसले. "कमानी आणि दार वेल्डिंगवाला करेल. इंजिन मी बांधते. पण अण्णा, माझी एक अट आहे."

"बोल."

"तुम्ही कान तपासून घ्यायचे. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे. हा आवाज आज सुरू झालेला नाही. पूर्वीचे अण्णा असते तर पहिल्याच दिवशी गाडी बाजूला लावली असती."

अण्णांचा चेहरा उतरला. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. पाठीमागच्या प्रवाशांना ते मुद्दाम पुन्हा पुन्हा कुठे उतरायचं ते विचारत, आणि लोकांना वाटे माणूस काळजीवाहू आहे. धाकट्यानं टॉर्च बंद केला आणि उगाच घड्याळ बघितलं.

"किल्ली घे," अण्णा म्हणाले.

इंजिन साखळीनं वर आलं. थोरलीनं ते सुटं केलं, तिसऱ्या सिलिंडरचा रॉड काढून त्याचं बेअरिंग अण्णांच्या तळहातावर ठेवलं. वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. सगळे रॉड ज्या दांड्याला जोडलेले असतात त्या क्रँकवर ओरखडे होते, पण घासून घेण्याइतकं लोखंड शिल्लक होतं. सिलिंडर तिनं वर, मध्ये आणि खाली मापले, पुन्हा मापले, आणि लेथवाल्याकडे स्वतः घेऊन गेली.

सामान परत आल्यावर ती जोडायला बसली. अण्णा रोज येऊन बाकावर बसत. तिसरा रॉड आवळल्यावर तिनं क्रँक हातानं फिरवून पाहिला. एका जागी तो किंचित अडला. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच.

"एवढं बसेल ना चालता चालता?" अण्णांनी विचारलं.

"बसेलही. पण मी नाही बसू देणार."

तिनं तो रॉड खोलला. बेअरिंगच्या पाठीमागे लोखंडाचा एक कीस होता, केसापेक्षा बारीक. तिनं तो चिमट्यानं काढला. आणि मग जोडलेले बाकीचे दोन्हीही खोलले, पुसले, तेल लावून पुन्हा बसवले. त्यांत काहीच निघालं नाही. दिवसभराचं काम तिनं पुन्हा केलं. अण्णा बघत होते. त्या दिवशी घरी जाऊन ते आईला म्हणाले, "आपली पोरगी माझ्यासाठी करत नाहीये ते. ती ते तसंच करते. कुणाचंही असतं तरी."

दुसऱ्या सकाळी ते स्वतःहून हॉस्पिटलात गेले. इतकी वर्षं लोकांना दारापर्यंत सोडलेल्या त्या इमारतीत ते पहिल्यांदाच नंबर लावून बसले. कानात यंत्र घालून घरी आले आणि तासाभरानं आईला म्हणाले, "तू इतकी भांडी आपटतेस?"

"तुम्ही ऐकावं म्हणूनच आपटते," आई म्हणाली.

इंजिन सुरू करायच्या दिवशी उस्तादही आले. थोरलीनं बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले. तिनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. थोडा निळा धूर आला आणि विरला. उस्तादांनी पाना इंजिनाला टेकवून त्याचं दुसरं टोक कानाशी धरलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"मी नसतं खोललं हे," ते अखेर म्हणाले. "चुकलं असतं माझं."

थोरली खाली बघत हात पुसत राहिली, हात आधीच स्वच्छ असूनही. अण्णा गाडीशेजारी उभे होते. त्यांना इंजिन ऐकू येत होतं, त्यातली पंख्याची हवा वेगळी, चेनची सळसळ वेगळी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उस्ताद," ते म्हणाले, "माझ्या मुलीनं बांधलंय," जणू उस्तादांना ते माहीतच नव्हतं.

नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवावं लागतं, म्हणून थोरली म्हणाली की पहिला फेरा ती मारणार. अण्णा नेहमीच्या सवयीनं स्टिअरिंगच्या दाराकडे गेले, थांबले आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर ते उभ्या आयुष्यात बसले नव्हते. कुठे हात ठेवावा ते त्यांना कळेना.

टेकडीचा चढ लागला. थोरलीनं गिअर उतरवला आणि गाडी एका लयीत वर निघाली. अर्ध्या चढावर एका माणसानं हात केला. गाडी हळू झाली तशी अण्णांनी काच खाली घेतली.

"मागून दुसरी येतेय हो," ते म्हणाले. "आज ही गाडी मेकॅनिक चालवतायत."

माणसानं आत वाकून बघितलं. थोरली समोर बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. अण्णांनी काच अर्धीच वर घेतली, म्हणजे इंजिन ऐकू यावं, आणि हात मांडीवर ठेवून बसले.