खोली आहे

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, आणि पाट्यांना राग येत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल तर ते साफ खोटे आहे. मला राग येतो. मी डूखही धरते. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत आणि त्या दोन शब्दांनी मी एका माणसाचे बिऱ्हाड गावातून हलवले. ते कसे, तेवढे ऐका आणि मग खुशाल आपल्या वाटेने जा.

माझा जन्म फुटक्या होडीतून झाला. तिची एकच फळी धड निघाली, ती मी. आमचे गाव समुद्राकाठचे आणि इतके गप्प, की टपालवाल्याने सायकलची घंटी वाजवली तर चार घरांतली माणसे दारात येतात. गावाच्या टोकाला, वाळू सुरू होते तिथे, आत्यांचे घर आहे. साऱ्या गावाच्या त्या आत्याच. यजमान गेल्यावर त्यांनी वरची, समुद्राकडची खोली पाहुण्यांना द्यायचे ठरवले. होड्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने मला पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत लिहिले, ‘खोली आहे’. पुढे ‘भाड्याने’ लिहायचे होते, पण निळा रंग संपला.

"राहू दे," आत्या म्हणाल्या. "आहे ते आहे."

पहिल्याच वर्षी एक काका-काकू आले. काका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे एकेक अक्षर वेचून ओळी लावायच्या, हे त्यांचे काम. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान बारा महिने वाजत असत. डॉक्टरांनी बजावले होते, की वर्षातून आठ दिवस तरी जिथे आवाज नाही तिथे जाऊन राहा, नाहीतर आहेत ते कानही जातील. सांगणाऱ्याचे काय जाते? दोघांनी तीन गावे पालथी घातली. एका गावात खोलीखालीच बर्फाचा कारखाना होता. दुसऱ्यात वाळूवर मोटारींच्या शर्यती. तिसऱ्यात घरमालकीण इतकी बोलायची, की काकूंना कारखाना बरा वाटू लागला. चौथे गाव आमचे. दमून भागून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"खोली आहे म्हणे," काका म्हणाले. "राहायची की पाण्याची?"

"आधी विचारा तरी," काकू म्हणाल्या. "बुडलो तर दोघं मिळून बुडू."

आत्या खिडकीत उभ्या होत्या. त्या पोट धरून हसल्या. "पाण्याला कसली आलीय खोली? शंभर पावलं आत गेलात तरी गुडघ्याच्या वर येणार नाही. राहायची आहे. या वर."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज मला लाट ऐकू आली. एकेक, सुटी." असे ते अकरा वर्षे न चुकता आले, तोच आठवडा, तीच खोली. जायच्या दिवशी काका ओल्या फडक्याने माझे तोंड पुसत आणि बारीक कुंचल्याने अक्षरे उजळत. आत्यांनी त्यांना शब्द दिला होता, की या आठवड्यात खोली दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. त्या शब्दाची साक्षीदार मी होते.

मग आत्या घसरून पडल्या, पायाचे हाड मोडले आणि शहरातून त्यांचा भाचा शुश्रूषेला आला. शुश्रूषा कसली! आयत्या बिळावर नागोबा. "आत्या, तुला जिना चढवत नाही ना?" म्हणत त्याने त्यांना मागच्या अडगळीच्या खोलीत हलवले. अंगणात सहा नव्या खोल्या उठवल्या, खांबावर गाण्यांचा कर्णा बांधला आणि रस्त्याकडे लुकलुकत्या दिव्यांची पाटी लावली. मला पहारीने उपटून मोरीबाहेरच्या गटारावर टाकले, पाय ठेवायला. माझ्या तोंडावरून चपला गेल्या, मित्रांनो. खरकटे पाणी गेले. मी चुळबुळ केली नाही. फळीला चुळबुळ करता येत नाही.

बाराव्या वर्षी काका-काकू ठरल्या दिवशी आले. भाचा दारातच आडवा आला.

"वरची दिलीय. मागं एक आहे, कर्ण्याच्या खाली."

"आत्या कुठं आहेत?" काकूंनी विचारले.

"झोपल्यात."

आत्या झोपल्या नव्हत्या. आतून उघडेना आणि बाहेरून कुणी उघडेना, अशा त्या दारावर त्या काठी आपटत होत्या. कर्ण्यापुढे काठीचे काय चालणार? काका परत जायला मागच्या वाटेने निघाले आणि गटाराशी थबकले. चिखलातून माझी वेलांटी तेवढी दिसत होती. त्यांनी माझ्यावर पाय ठेवला नाही. पिशवी घेऊन, गुडघे धरत, लांबच्या बाजूने वळसा घातला. त्या वळशापायी मी भाच्यावर डूख धरला.

पुढे काकूंचे पत्र आले. आत्यांनी ते खिडकीशी मोठ्याने वाचले, म्हणून मला कळले. काकांचा उजवा कान गेला होता. डाव्याचे डॉक्टर काही सांगत नव्हते. आत्यांनी पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली.

दुसऱ्या हंगामात भाच्याच्या तीन खोल्या रिकाम्या राहिल्या. किनाऱ्यावर माणसांचा पूर, पण वाळूवरून दिव्यांची पाटी दिसत नव्हती. भाच्याने डोके चालवले. नवी पाटी कशाला, जुनी आहे की! त्याने मला गटारावरून उचलले, धुतले, बांबूवर दोन खिळ्यांनी ठोकले आणि नेऊन रोवले. कुठे? थेट पाण्याच्या कडेला, जिथे सगळ्यांची नजर जाईल. आयुष्यभर त्याला खोली म्हणजे एकच गोष्ट माहीत होती.

मी फक्त माझे दोन शब्द म्हटले. मी अजिबात खोटे बोलले नाही.

आधी एक बाई थांबली, दोन मुलांचे हात धरून. तिने मला वाचले. मग पाण्याकडे पाहिले. मुलांना मागे ओढून तिने भाच्याला विचारले, "अहो, इथं खरंच खोली आहे?"

"म्हणजे काय," भाचा खुलला. "हवी तेवढी."

"मुलांना चालेल ना?"

"मुलांना तर फारच आवडते. काल एक कुटुंब आत गेलंय, अजून बाहेर यायचं नाव नाही."

बाई पांढरीफटक पडली. तासाभरात किनारा रिकामा झाला. दोन दिवसांत खोल्या रिकाम्या झाल्या. एका गृहस्थांनी जाता जाता अडगळीच्या खिडकीशी वाकून विचारले, "आजी, तुम्ही इथल्याच. खोली आहे का हो?"

आत्यांनी समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पाटीवर लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग आहे."

भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा तो स्वतः पाण्यात उभा राहून ओरडू लागला, "गुडघाभरच आहे, बघा!" लोक म्हणाले, धंद्यासाठी जिवावर उठलाय. बातमी त्याच्या पुढे धावत होती. पुढचा हंगाम पूर्ण कोरडा गेला, तेव्हा कर्णा आणि दिव्यांची पाटी गाडीत घालून तो निघून गेला. मला उपटायचे भानही त्याला राहिले नाही. मला वाईट वाटले का? नाही. मी पाहत राहिले, वळणाआड गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

मग आत्यांनी एक कार्ड लिहिले. मजकूर दोनच शब्दांचा होता, माझाच.

काका-काकू आले. काका विजारीचे पाय दुमडून भरतीच्या पाण्यातून माझ्यापर्यंत आले, मला वाचले आणि इतके हसले, की काकूंना काठावरून विचारावे लागले काय झाले. त्यांनी डावा कान समुद्राकडे केला. एक लाट फुटली. मग त्यांनी एक बोट वर केले. जरा वेळाने पुन्हा एक.

"हिला दारावर लावू का?" त्यांनी ओरडून विचारले.

"काढलीत तर सगळे परत येतील," काठी टेकत काठावर आलेल्या आत्या म्हणाल्या. "उभी राहू दे."

म्हणून मी इथे उभी आहे. खाऱ्या पाण्याने माझे लाकूड पोखरले आहे, आता फार वर्षे नाहीत. दरवर्षी त्या आठवड्यात काका कुंचला घेऊन येतात आणि अक्षरे उजळतात. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जपा. पुसा, जागेवर ठेवा. जपायची नसेल तर निदान एवढे करा, टाकण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते दोनदा वाचा.

भाच्याने एकदाच वाचले होते.