मौनीची टेप

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, टेपवर चित्र उतरवणाऱ्या जातीचा. हल्लीच्या मोबाइलने मला पाहिलं तर आजोबाच म्हणेल. पण दुकानात होतो तेव्हा माझी काच अशी लखलखायची की येणारे-जाणारे थबकून बघत.

मला ताईने घेतलं. तिचा धाकटा भाऊ, ठोक्या, एका नव्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँडची पोरं एका खटारा व्हॅनमधून गावोगाव कार्यक्रम करत हिंडायची. व्हॅन ताई चालवायची आणि उतरली की मला डोळ्याला लावायची. कधीकधी ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारेच जास्त असत, तरी पोरं घामाघूम होऊन वाजवत. गायक म्हणायचा, "ताई, माझं नाक जरा लहान काढ." सगळे माझं कौतुक करत.

बेस गिटार वाजवणारा फारसा बोलत नसे, म्हणून त्याचं नाव मौनी. एका दुपारी हॉलमागच्या खोलीत ताईने मला टेबलावर ठेवलं, तेव्हा तो तिच्याजवळ आला.

"हे बंद आहे ना, ताई?"

"बंदच आहे."

मी चालू होतो. पण सांगणार कसा?

"मला एका कानाने ऐकू येत नाही," तो कानाला हात लावून म्हणाला. "आता दुसराही चाललाय. ड्रमच्या पेडलवरच्या ठोक्याच्या पायाकडे बघत ताल धरतो मी. पोरांना सांगू नकोस. आत्ता कुठे त्यांचं बस्तान बसतंय."

ताईने शब्द दिला. माझी टेप फिरत राहिली.

पुढे बँडचं नाव झालं आणि मौनीचा ताल चुकू लागला. "तुझं लक्षच नाही," म्हणून ठोक्या आणि गायक त्याला नाही नाही ते बोलले. मौनी गिटार घेऊन व्हॅनमधून उतरला. ताईच्या मांडीवरून मी बघत होतो. मित्रांनो, मला सगळं टिपता येतं, थांबवता काहीच येत नाही.

नंतर ताईने ती टेप पाहिली. दिलेला शब्द मोडवेना, टेप पुसवेना. टेप माझ्या पोटात तशीच ठेवून तिने मला कपाटात टाकलं. तिथे माझं रबर वाळलं, चाकं गंजली. विचारणारं कोणी नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एक बाई बँडच्या त्या दिवसांवर माहितीपट करायला आल्या. गायक त्यांना म्हणाला, "मौनीचं मनच नव्हतं, सोडून गेला." ते ऐकून ताईने मला बाहेर काढलं. "त्याच्याच तोंडून ऐका," ती म्हणाली.

बटण दाबलं. मी जीव तोडून फिरलो, आणि माझ्याच दातांनी टेप चुरगाळली. चित्र हललं, आवाज मात्र आलाच नाही.

"आवाज नाही तर लोकांना काय कळणार?" बाई हळहळल्या.

ताईशेजारी बसलेला ठोक्या माझ्या छोट्या पडद्याकडे बघत होता. "कानाला का हात लावतोय तो?"

ताईने सांगितलं. ठोक्याने फोन काढला आणि नंबर लावला.

"कुणाला लावतोयस?" ताई म्हणाली. "त्याला आता काहीच ऐकू येत नाही रे."

पलीकडे घंटा वाजत राहिली. फोन ठेवायचं ठोक्याला सुचलं नाही.

आवाज नसलेली टेप बाईंनी घेतली नाही; माहितीपटात गायकाचंच वाक्य राहिलं. मित्रांनो, आम्हा यंत्रांना अडगळीत टाकू नका, अधूनमधून चालवा. आणि सोबतचा माणूस ताल चुकला, तर रागावण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. मला तेवढंही करता आलं नाही.