गहिनीनाथचं आभारप्रदर्शन

गहिनीनाथ सरपंचाला या कार्यक्रमातून मिळण्यासारखं एकच होतं, पण ते मोठं होतं: जिल्हा परिषदेचं तिकीट. मंत्रिसाहेब तिसगावला लग्नाला निघाले होते. वाटेत आपल्या गावात अर्धा तास थांबले, शाळेत ‘नागरिकांचं कर्तव्य’ यावर बोलले आणि निघताना खांद्यावर हात ठेवून नुसतं “बघू” म्हणाले, तरी काम झालं, असा त्याचा हिशेब.

अडचण शाळेच्या भिंतीची होती. फाटकातून एक गाडी कशीबशी आत शिरे, आणि साहेबांचा ताफा तर वरातीएवढा. सरपंचाने जेसीबी बोलावला.

मुख्याध्यापिका राजेश्वरीबाई आडव्या आल्या. “सरपंच, समोर रस्ता आहे. उसाचे ट्रॅक्टर जातात. पोरं चेंडूमागं पळतात.”

“बाई, जुनी पाडल्याबिगर नवी मिळत न्हाई. आभार मानताना भर सभेत मागतो. गावाला शबुद देतो.”

चहा निवायच्या आत भिंत खाली आली.

डिसेंबर होता. धडधाकट माणसं ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं गेलेली. उरली म्हातारी आणि शाळेतली पोरं. त्यांना सकाळीच मांडवात बसवलं. साहेब दुपार कलल्यावर आले.

“तरुण मित्रांनो!” साहेबांनी सुरुवात केली. पहिलीतल्या एकाने मागे वळून पाहिलं.

“सरकार, सरकार काय करता? सरकार म्हणजे कोण? तुम्हीच सरकार!”

भिमाजी तात्या शेजारच्या राहीबाईच्या कानाशी लागले. “म्हंजी त्या गाड्या आपल्याच व्हय?”

“मंग चावी मागा की.”

साहेब रंगात आले होते. “शिक्षण अनुदानाने होत नाही, संस्काराने होतं. ऊठसूट हात पसरणारं गाव मला आवडत नाही. जो कार्यकर्ता मागत नाही, त्याच्याकडे माझं लक्ष असतं!”

पुढचं आभारप्रदर्शन गहिनीनाथचंच. माईक हातात घेतला, तर समोर राजेश्वरीबाई टक लावून बघत होत्या.

“साहेबांचे लई आभार... आनि साहेब, आमच्या शाळेची भिंत...”

साहेबांची भुवई वर गेली. तेवढ्या भुवईत सरपंचाला तिकीट हलताना दिसलं.

“...ती आमी सोता पाडली, साहेब. आनि गावच नवी बांधनार. श्रमदानानं! सरकारचा रुपाया नको!”

टाळ्या पडल्या. साहेबांनी उठून आपला फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. “असा निःस्वार्थी सरपंच जिल्ह्यात दुसरा नाही!”

महिन्याभरात तिकिटं जाहीर झाली. या गटाचं साहेबांच्या साडूच्या पोराला मिळालं. गहिनीनाथ धावत बंगल्यावर गेला. साहेबांना मनापासून नवल वाटलं.

“अहो, तुम्ही मागणारे नाही, म्हणून तर सभेसभेत तुमचं उदाहरण देतो. तुम्हाला पदाचा मोह घालून बाटवू काय?”

इकडे राजेश्वरीबाई भिंत मागायला तालुक्याला गेल्या. तिथला अधिकारी हसला.

“तुमच्या गावानं तर बांधली म्हणे.”

“कुठं?”

“भाषणात. तरी बाई, आता आमची अब्रू राखा. दर शनिवारी श्रमदानाचा एक फोटो पाठवत जा.”

श्रमदान करणार कोण? ज्यांच्या अंगात बळ होतं, ती माणसं दुसऱ्याचा ऊस तोडत होती. राहीबाईने चार म्हाताऱ्या गोळा करून खिंडारात बाभळीचे काटे लावले, पण काट्यांचा फोटो वर चालेना.

मग ज्याचं त्याला मिळालं. साहेबांना उदाहरण, साडूच्या पोराला तिकीट, गहिनीनाथला फेटा. भिंत चौथीच्या पोरांकडं आली. ती शनिवारी गणिताच्या तासाला दगड उचलतात, बाई फोटो काढतात. भिंत गुडघ्याएवढी झाली आहे. भागाकार अजून सुरू व्हायचाय.